वेलस्ली घराण्याची वंशावळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं आजोळ जालना जिल्ह्यातलं, त्यामुळे असईची लढाई हा आमच्याकडे जेवताना निघणारा विषय. त्यातला तो वेलस्ली साहेब मुळात कोण, कुणाचा, हे बघायला गेलो आणि थेट आयर्लंडात जाऊन पडलो. आता दोन ड्रॉइंग पेपर जोडून त्यांचा चार्ट केलाय आणि तिसरा चिकटवायची वेळ आलीय. घरी येणारा प्रत्येक जण तो चार्ट बघून तेच तेच विचारतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

वेलस्ली तर इंग्रज होते ना? मग हे आयर्लंड मधेच कुठून आलं?

आपल्यासाठी सगळे गोरे इंग्रजच, पण ह्यांचं घर, जमीन, कबरी, कर्ज सगळं आयर्लंडात. अँग्लो-आयरिश म्हणजे इंग्लंडहून आयर्लंडात जाऊन जमीनदार झालेली मंडळी, धर्माने प्रोटेस्टंट, मुलं शिकायला इंग्लंडला, आणि शेतात राबणारी कुळं बहुतेक कॅथलिक आयरिश. १६४१ साली आयर्लंडातली साधारण ५९ टक्के जमीन कॅथलिकांकडे होती, इंग्लंडचा सेनापती आणि शासक क्रॉमवेल ह्याच्या जप्त्या आणि नंतरची उलथापालथ झाल्यावर १७०३ पर्यंत ती १४ टक्क्यांवर आली, बाकीची कुणाकडे गेली ते सांगायला नको. त्यात १७०४ चा कायदा असा की कॅथलिक जमीनदार मेला की जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटायची, पण थोरला प्रोटेस्टंट झाला तर सगळी त्याला. भाऊबंदकी लावून घरं कशी संपवायची हे इंग्रजांना आपल्याकडे येऊन शिकावं लागलं नव्हतं एवढंच म्हणतो.

डॅनियल ओकॉनेल ह्या आयरिश पुढाऱ्याने १८४३ च्या एका भाषणात ड्यूक ऑफ वेलिंग्टनला, म्हणजे आपल्या असईवाल्या आर्थर वेलस्लीलाच, टोला हाणलेला की तबेल्यात जन्मलं म्हणून कुणी घोडा होत नाही. लोक हे वाक्य ड्यूकच्याच तोंडी घालतात, ते चूक आहे.

पण वेलस्ली हे त्यांचं खरं आडनाव तरी आहे का?

नाही, आणि चार्टची खरी मजा इथेच आहे. रक्ताने हे लोक कॉली. कॉली म्हणजे सोळाव्या शतकात सरकारी नोकरीतून वर आलेलं घर, रॉबर्ट कॉली आठव्या हेन्रीच्या वेळी आयर्लंडचा मास्टर ऑफ द रोल्स (न्यायखात्यातला मोठा अधिकारी), त्याचा मुलगा वॉल्टर सॉलिसिटर जनरल, आणि पुढे किल्डेअर परगण्यातला कार्बरीचा किल्ला सर हेन्री कॉलीकडे आला, त्याचे पडके मनोरे टेकडीवर अजून उभे आहेत. दुसरं घर वेस्ली, जुन्या कागदांत वेलस्ली, हे त्याहून कितीतरी आधी आलेलं, मूळ इंग्लंडच्या सॉमरसेटमधलं, आणि मीथ परगण्यात ट्रिमजवळ डँगन इथे त्यांची गढी.

आता बघा. डँगनचा गॅरेट वेस्ली १७२८ साली निपुत्रिक वारला. त्याची आई एलिझाबेथ ही कॉलींच्या घरातली. म्हणून त्याने इस्टेट दिली मामेभावाला, रिचर्ड कॉलीला, अट एकच, वेस्ली हे नाव आणि वेस्लींचं कुलचिन्ह लावायचं. रिचर्डने लावलं. इंग्रजी पुस्तकात नुसतं कझिन लिहितात, कझिन म्हणजे आतेभाऊ, मामेभाऊ, चुलतभाऊ काहीही, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं वेस्लीच दुसऱ्या वेस्लीचा वारस झाला. मी चार्टवर मामेभाऊ असं लिहिलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की इथे नावाची रेघ एका घरातून येतेय, रक्ताची दुसऱ्या, आणि दोन्ही जोडल्यात त्या फक्त जमिनीमुळे. तेव्हापासून जमिनीसाठी हिरवं पेन आणि रक्तासाठी लाल, असे दोन रंग वापरतो.

म्हणजे आपल्याकडच्या दत्तकासारखंच की?

थोडंफार. पण आपल्याकडे दत्तक म्हणजे विधी, गोत्र बदलणार, पिंड कुणाला द्यायचा ते बदलणार, जन्मदात्या घराशी वारसा तुटणार. तिकडे असलं काही नाही, बाप तोच राहतो, फक्त मृत्युपत्रातल्या अटीप्रमाणे नाव बदललं की इस्टेट ताब्यात. ह्याच घरात पुढच्या पिढ्यांत परत तेच झालं. रिचर्डचा नातू विल्यम, म्हणजे आर्थर वेलस्लीचा सख्खा भाऊ, त्याला १७८१ मध्ये बॅलीफिनच्या पोल नावाच्या नातलगाची इस्टेट मिळाली, म्हणून तो झाला वेलस्ली-पोल. त्याच्या मुलाने श्रीमंत वारसदारणीशी लग्न केलं, आणि त्याचं आडनाव झालं पोल-टिलनी-लाँग-वेलस्ली. जोडाडनावांची मालगाडी दिसली की प्रत्येक डबा म्हणजे एकेक इस्टेट समजायचं.

आणि नुसतं स्पेलिंगही बदललं बरं का. मधल्या काळात ते वेस्ली लिहायचे, थोरल्या भावाने जुनं भारदस्त वेलस्ली परत काढलं, आर्थर मात्र १७९८ पर्यंत वेस्लीच सही करत होता, वेलस्ली लिहायला लागला तो हिंदुस्थानात आल्यावर. त्यामुळे आधीचे कागद शोधताना वेलस्ली टाकलं तर सापडत नाही. मी एक अख्खा रविवार घालवलाय त्यात.

मेथडिस्ट पंथाचे ते वेस्ली बंधू ह्यांच्यापैकीच का?

नातं कागदाने सिद्ध झालेलं नाही. पण मेथडिस्टांकडे एक गोष्ट सांगतात की त्याच निपुत्रिक गॅरेटने आधी चार्ल्स वेस्लीला वारस करायची तयारी दाखवली होती आणि चार्ल्सने नको म्हटलं. खरं असेल तर इतिहासातला भारीच जर-तर आहे, पण चार्टवर मी ही रेघ पेन्सिलने काढलीय.

लॉर्ड मॉर्निंग्टन एक होता की दहा? प्रत्येक पुस्तकात वेगळाच निघतो.

हो, कारण तो किताब आहे, माणूस नाही, आणि किताब गादीसारखा पुढे सरकतो. ह्या घरातले किताब खालून वर असे, बॅरन, अर्ल, मार्क्वेस, ड्यूक. नाव बदललेला रिचर्ड कॉली १७४६ मध्ये पहिला बॅरन मॉर्निंग्टन झाला. ह्याला डँगनची बाग सजवायचा प्रचंड नाद, मेरी डिलेनी नावाच्या बाईंची पत्रं आहेत त्यात तळी, कालवे, छोटी जहाजं, तोफा मांडलेला हौशी किल्ला असं सगळं येतं. त्याचा मुलगा गॅरेट (१७३५ ते १७८१) ह्याला १७६० मध्ये अर्ल केलं, म्हणून तो पहिला अर्ल. हा गृहस्थ संगीतातला, व्हायोलिन वाजवायचा, रचना करायचा, आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात १७६४ साली पहिला संगीताचा प्राध्यापक झाला. बाप बागेवर उधळणारा, मुलगा मैफिलीवाला, मग इस्टेटीचं काय होणार. वारला तेव्हा कर्ज ठेवून गेला आणि विशीतल्या थोरल्या मुलाला, रिचर्डला, ऑक्सफर्ड अर्धवट सोडून घरी यावं लागलं.

हाच रिचर्ड दुसरा अर्ल, हाच १७९८ ते १८०५ आपला गव्हर्नर जनरल, आणि पुढे मार्क्वेस वेलस्ली. आपल्या पुस्तकांत १७९८ चा लॉर्ड मॉर्निंग्टन आणि १८०३ चा लॉर्ड वेलस्ली असे दोन माणूस वाटतात, ते एकच. मार्क्वेस हा किताब १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर मिळाला, पण तो आयर्लंडचा किताब होता, ब्रिटनचा नाही, आणि आयरिश किताब म्हणजे दुय्यम, त्यावर संसदेच्या हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये आपोआप बसता येत नसे. साहेब इतके रुसले की ह्या किताबाला सोन्याचा मुलामा दिलेला बटाटा म्हणाले.

एकूण भावंडं किती?

मोठी झालेली सहा. आई अ‍ॅन हिल, लॉर्ड डंगॅननची मुलगी, नवऱ्यामागे पन्नास वर्षं जगली.

रिचर्ड १७६०, विल्यम १७६३, अ‍ॅन १७६८, आर्थर १७६९, जेराल्ड १७७०, हेन्री १७७३. पाच भावांपैकी चौघं लॉर्ड झाले, एकट्या जेराल्डला काही नाही कारण तो पाद्री, आणि बायको सोडून वेगळी राहायला गेल्यामुळे बिशपपदही हुकलं. विल्यम टांकसाळीचा प्रमुख होता तेव्हाची, म्हणजे १८१६ नंतरची ब्रिटिश नाणी भिंगाखाली धरलीत तर त्याच्या नावाची तीन आद्याक्षरं दिसतात. एका संग्राहकाकडे मी शिलिंग बघितला, अक्षरं मोहरीच्या दाण्याहून बारीक, आधी ओरखडाच वाटला होता. वेलिंग्टन हा किताबही ह्यानेच निवडला. १८०९ मध्ये आर्थर स्पेनकडे लढाईवर, किताब तर लगेच ठरवायचा, मग वेलस्लीशी जुळेल असं सॉमरसेटमधल्या गावाचं नाव विल्यमने देऊन टाकलं. हेन्री जेव्हा लॉर्ड झाला तेव्हा त्याने काउली नाव घेतलं, म्हणजे मूळचं कॉलीच, शंभर वर्षांनी परत.

बहिणीला पुस्तकं एका ओळीत उडवतात, पण अ‍ॅनकडची भानगड सगळ्यात भारी. तिची लग्नं दोन. पहिल्या नवऱ्याची मुलगी जॉर्जियाना, दुसऱ्याची एमिली. जॉर्जियानाचं लग्न पुढे सातवा ड्यूक ऑफ ब्युफर्ट झालेल्या हेन्री सॉमरसेटशी झालं, ती १८२१ मध्ये वारली, आणि पुढच्याच वर्षी त्याने एमिलीशी लग्न केलं. आपल्याकडे बायको वारल्यावर मेव्हणी करायची ही साधी गोष्ट, किंबहुना घरचेच सुचवायचे. तिकडे चर्चच्या नियमात मेव्हणी म्हणजे बहीण. लग्न कोर्टात गेलं तर मुलगा वारस राहतो की नाही असा पेच, मग १८३५ मध्ये पार्लमेंटने कायदा केला की झालेली लग्नं चालतील पण इथून पुढची नाहीत. स्वतःपुरतं दार उघडून मागे कडी लावून घेतली म्हणा ना. बाकीच्यांना १९०७ पर्यंत थांबावं लागलं.

आर्थरचा जन्म नक्की कुठे आणि कधी?

भांडणाचा विषय. वाढदिवस तो १ मे १७६९ ला पाळायचा, आईही तेच सांगायची. पण डब्लिनच्या सेंट पीटर्स चर्चच्या रजिस्टरात बाप्तिस्मा ३० एप्रिलचा. म्हणजे जन्माच्या आदल्या दिवशी पोराचं बारसं! जागा म्हणून डब्लिनच्या मेरियन स्ट्रीटवरचं घर बहुतेक जण धरतात, तिथे आता हॉटेल आहे, डँगनवाले डँगन म्हणतात. चार्टवर मी दोन्ही तारखा लिहिल्यात. वंशावळ करणाऱ्यांनी एकच तारीख निवडून दुसरी खोडायची नसते, ह्यावर माझं घरच्यांशीही भांडण झालंय, आमच्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरून.

रिचर्डला पाच मुलं होती, मग अर्लपद भावाकडे कसं गेलं?

मुलं होती पण लग्नाआधीची. हियासिंथ रोलां नावाची फ्रेंच बाई, तिच्यापासून पाच मुलं झाली आणि मग १७९४ मध्ये दोघांनी लग्न केलं. इंग्लंडच्या कायद्यात नंतर लग्न केलं म्हणून आधीची मुलं औरस होत नसत, ती सोय थेट १९२६ मध्ये आली. त्यामुळे १८४२ मध्ये रिचर्ड गेला तेव्हा मार्क्वेसपद संपलं आणि मॉर्निंग्टनचं अर्लपद विल्यमकडे गेलं.

मधे १८२५ मध्ये, आयर्लंडचा लॉर्ड लेफ्टनंट, म्हणजे राजाचा तिथला प्रतिनिधी, असताना, त्याने मेरियन पॅटरसन ह्या अमेरिकन विधवेशी दुसरं लग्न केलं. कॅथलिक बाई! तिच्या पहिल्या नवऱ्याची बहीण ही नेपोलियनच्या भावाची, जेरोमची, टाकलेली बायको. म्हणजे धाकट्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं आणि थोरल्याने दहा वर्षांनी बोनापार्टांशी लांबची सोयरीक जोडली.

पण त्या अनौरस मुलांपैकी अ‍ॅनची रेघ बघा, ती चार्टच्या बाहेर जाते म्हणून मला तिसरा कागद लागला. अ‍ॅनने पहिला नवरा सोडून लॉर्ड चार्ल्स बेंटिंकचा हात धरला, हा सतीबंदीवाल्या विल्यम बेंटिंकचा भाऊ. त्यांचा मुलगा चार्ल्स पाद्री, त्याची मुलगी सेसिलिया, तिची मुलगी एलिझाबेथ बोज-लायन, म्हणजे राणी एलिझाबेथची आई. रिचर्डच्या ज्या पातीला अर्लपद नाकारलं तिच्यातल्या खापरपणतीची मुलगी सिंहासनावर बसली, आत्ताचा राजा चार्ल्ससुद्धा त्याच रेघेवर येतो. पाती हा शब्द मुद्दाम वापरला, तिकडचे ब्रँच म्हणतात, पण थोरली पाती धाकटी पाती म्हटलं की आपल्या माणसाला लगेच कळतं.

विल्यमची पाती पुढे बुडाली म्हणतात ती का?

मुलामुळे. त्याने १८१२ मध्ये कॅथरीन टिलनी-लाँगशी लग्न केलं, इंग्लंडमधली अतिश्रीमंत मुलगी, आणि पैसा असा उडवला की तिचा वॉनस्टेडचा राजवाड्यासारखा वाडा सामानासकट लिलावात गेला आणि शेवटी दगडविटांच्या भावाने पाडला. हा चौथा अर्ल. पाचवा अविवाहित, १८६३ मध्ये गेला. मग मॉर्निंग्टनचा किताब गेला त्याच्या चुलत चुलत्याकडे, म्हणजे आर्थरच्या मुलाकडे, दुसऱ्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनकडे, पण ड्रेकॉटची, म्हणजे टिलनी-लाँग घराकडून आलेली, जमीन गेली हेन्रीच्या पातीकडे, काउलींकडे. किताब एका पातीत, जमीन दुसऱ्या. हिरवं पेन आणि लाल पेन.

आणि वेलिंग्टनची ओळ?

आर्थरने आधी किटी पॅकेनहॅमला मागणी घातली तेव्हा तिच्या घरच्यांनी पोराला काही भविष्य नाही म्हणून नकार दिला. हिंदुस्थानातून नाव, हुद्दा, पैसा कमवून गेला तेव्हा १८०६ मध्ये झालं लग्न. संसार काही गोड नव्हता. दोन मुलगे. थोरला दुसरा ड्यूक, निपुत्रिक, मग धाकट्याचा मुलगा तिसरा, तोही निपुत्रिक, मग त्याचा भाऊ चौथा, त्याचा मुलगा पाचवा, त्याचा सहावा. सहावा १९४३ मध्ये इटलीत सालेर्नोला लढताना एकतिसाव्या वर्षी मारला गेला, लग्न झालेलं नव्हतं, मग गादी उलटी चुलत्याकडे गेली, तो सातवा. पण स्पेनच्या राजाने दिलेला सिउदाद रोद्रिगोचा किताब बाईकडेही जाऊ शकतो, म्हणून तो बहिणीकडे गेला आणि तिने तो १९४९ मध्ये चुलत्याला दिला. सध्या नववे ड्यूक आहेत. मॉर्निंग्टनचं अर्लपद आता ड्यूकच्या नातवाने मानाने लावायचं नाव झालंय.

महाराष्ट्रात हे लोक कधी होते, थोडक्यात सांगा.

तिघं भाऊ एकाच काळात हिंदुस्थानात, रिचर्ड कलकत्त्यात वर बसलेला, हेन्री त्याचा सेक्रेटरी, आर्थर घोड्यावर. वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२. आर्थर पुण्यात एप्रिल १८०३ मध्ये, नगरचा किल्ला १२ ऑगस्टला घेतला, असई २३ सप्टेंबर, केळणा आणि जुई नद्यांच्या मधल्या जागेत, मग आडगाव २९ नोव्हेंबर, गाविलगड १५ डिसेंबर. त्याच महिन्यात भोसल्यांशी देवगावचा आणि शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह. चार्टवर ह्याला मी फक्त एक चौकोन दिलाय. लोकांना राग येतो, पण वंशावळ म्हणजे लढायांची यादी नाही.

एक नाव मात्र मी तुटक रेघेने जोडलंय. १८०० मध्ये धोंडिया वाघ मारला गेला, त्याचा लहानगा मुलगा सलाबत खान सामानात सापडला, आर्थरने त्याला सांभाळलं आणि जाताना त्याच्यासाठी पैसे ठेवून गेला. रक्त नाही, नाव नाही, जमीन नाही, दोन्ही पेनं बंद. तरी जोडलंय.

आयर्लंडचे कागद जळाले म्हणे, मग हे सगळं खात्रीने कसं सांगता?

जळाले खरेच. ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये यादवी युद्धात स्फोट आणि आग, पब्लिक रेकॉर्ड ऑफिस गेलं. एकोणिसाव्या शतकातल्या सुरुवातीच्या शिरगणत्या, मृत्युपत्रं, चर्चची शेकडो रजिस्टरं, सगळं राख. पण जमीनदार घरांचं एक बरं असतं, त्यांचे कागद चार ठिकाणी असतात. १७०८ पासूनची रजिस्ट्री ऑफ डीड्स वेगळ्या इमारतीत होती ती वाचली, त्यात गहाण, विक्री, लग्नाचे करार सगळ्याचा गोषवारा सापडतो, आणि लग्नाच्या करारात कोण कुणाची मुलगी हे आलंच. विल्यम बेथम नावाच्या माणसाने आग लागायच्या कितीतरी आधी मृत्युपत्रांची टिपणं काढून ठेवली होती, तीही वाचली. गरीब कुळांचं मात्र फार काही उरलं नाही. त्यांच्यासाठी १८४७ ते १८६४ ची ग्रिफिथची पाहणी (करासाठी केलेली जमीन-घरांची मोजदाद), आणि १९०१ व १९११ ची शिरगणती, दोन्ही फुकट बघता येतात. आपले हेळवी पोथी घेऊन दारात येऊन सात पिढ्या सांगतात त्याचं मोल तेव्हा कळतं. मुंबई इलाख्यातले गोऱ्यांचे जन्म, लग्नं, दफनं शोधायची असतील तर ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या कागदांत चर्चने पाठवलेल्या नोंदी बघा.

आयर्लंडात त्यांचं आता काय उरलंय?

जमीन तर रिचर्डनेच १७९३ मध्ये विकली, बापाचं कर्ज होतं आणि त्याला राजकारण करायचं होतं. गंमत म्हणजे ज्या जमिनीसाठी कॉलींनी नाव बदललं ती पासष्ट वर्षं राहिली आणि नाव अजून चालूच आहे. नव्या मालकाने डँगन पुढे रॉजर ओकॉनरला भाड्याने दिलं, हा इंग्रजांविरुद्ध उठलेल्यांपैकी, आणि १८०९ मध्ये ते जळालं. आता नुसत्या भिंती, बाजूला शेतं, पहिल्या बॅरनच्या बागेतला ओबेलिस्क, म्हणजे वर निमुळता होणारा दगडी स्तंभ.

डब्लिनच्या फिनिक्स पार्कात आर्थरचा ६२ मीटर उंच ओबेलिस्क आहे, १८६१ मध्ये पूर्ण झाला. पायथ्याशी काशाचे पट, वॉटर्लूला पकडलेल्या तोफा वितळवून केलेले. त्यातला एक हिंदुस्थानातल्या लढायांचा. मुलं त्या उतरत्या पायऱ्यांवरून घसरगुंडी करतात असं तिकडे राहणाऱ्या मावसभावाने सांगितलं, त्याला म्हटलं त्या पटाचा जवळून फोटो काढून पाठव, त्याने स्वतःचा सेल्फी पाठवला, मागे पट अर्धा दिसतोय.